ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं? नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय, डिपस्टिकवर (ऑइल तपासायच्या पट्टीवर) इंजिन ऑइल काळं दिसलं की ते संपलं, लगेच बदला, आणि फिल्टर चांगला असता तर काळं झालंच नसतं. दोन्ही चूक आहे. ऑइलमधे डिटर्जंट आणि डिस्पर्संट नावाची रसायनं घातलेली असतात, त्यांचं कामच काजळी धरून ठेवायचं, म्हणजे ती इंजिनात कुठे चिकटून बसत नाही. डिझेल गाडीत तर नवीन ऑइल थोडं चालवलं की काळं होतंच, घाबरू नका.

आणि फिल्टरचं म्हणाल तर काजळीचे कण मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक, नेहमीचा फिल्टर साधारण २०-३० मायक्रॉनचे कण अडवतो, मग रंग कसा साफ होणार? पण म्हणून तो जुनाच ठेवू नका, फिल्टर चोंदला की बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे फिल्टर टाळून जायची वाट, उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगपर्यंत जातं.

ऑइल मॅन्युअलमधल्या किलोमीटर किंवा महिन्यांवर बदला, जे आधी होईल ते, ग्रेडही तिथलाच. रंग बघायचाच तर दुधाळ चहासारखा दिसतोय का ते बघा, तसं असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळत असण्याची शक्यता आहे, गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.