खुलासा: जैवइंधनातूनही कार्बन निघतो
‘जैवइंधन जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतच नाही’ असा मेसेज फिरतोय. साफ चूक. एक लिटर इथेनॉल (ऊस, मका अशा पिकांपासूनचं जैवइंधन) जळलं की सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फरक इतकाच, की तो कार्बन पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. पेट्रोलमधला मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला.

पण हिशेब इथे मिटत नाही. नत्रखत बनवायला बहुधा नैसर्गिक वायूच लागतो (म्हणजे पुन्हा जीवाश्म इंधनच!). शेतात त्याच खतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक. जंगल तोडून पीक घेतलं, तर झाडांत साठलेला कार्बनच हवेत जातो, म्हणजे मुद्दलातच खोट. पेंढा-भुशापासूनचं इंधन त्या मानाने उजवं, पण लिग्निनच्या (वनस्पतीला कडकपणा देणाऱ्या चिवट पदार्थाच्या) वेढ्यातून सेल्युलोज (ज्यापासून इंधन बनतं तो तंतुमय भाग) सोडवणं खर्चिक पडतं.