वायरी ठोकळ्यांवर चढवून आवाज सुधारत नाही

मेहुण्याने घरातल्या स्पीकरच्या सगळ्या वायरी कागदी कपांवर आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवल्यात. प्रत्येक ग्रुपवर फिरणारा तो व्हिडिओ त्याच्यापर्यंतही पोचला: फरशी सिग्नल शोषते, गालिच्यातली स्थिर वीज आवाज गढूळ करते, जमिनीची थरथर वायरीत शिरते, तेव्हा घरचेच टेकू लावा आणि फरक ऐका.

फरशी काहीही शोषत नाही. या दाव्याला शास्त्राचा आधार म्हणून कपॅसिटन्सचं (वायरीत वीज साठण्याची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) नाव घेतात, तर हिशेबच करू. साध्या दोनपदरी वायरीचा कपॅसिटन्स मीटरला फार तर 100 पिकोफॅरडच्या आसपास धरा. 5 मीटरला झाले 500. ऐकू येण्याच्या वरच्या टोकाला, 20,000 हर्ट्झला, त्याचा अडथळा सुमारे 16,000 ओहम (अडथळा मोजायचं एकक) होतो. स्पीकर 8 ओहमचा. करंट कुठून जाणार? फरशीमुळे कपॅसिटन्स दुप्पट होतो असं क्षणभर मानलं, तरी उरतात 8,000 ओहम. अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा.

वायरीत बघायचा तो रेझिस्टन्स, म्हणजे तांब्याचा स्वतःचा अडथळा. ऑडिओची उपकरणं बनवणाऱ्या मॅकिंटॉश कंपनीत वर्षानुवर्षं स्पीकर घडवलेल्या रॉजर रसेल यांनी त्याचा तक्ताच दिला आहे. 8 ओहमच्या स्पीकरला 16 गेज जाडीची तांब्याची वायर 48 फुटांपर्यंत चालते. तेवढ्यात तिचा रेझिस्टन्स स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत राहतो. जाडी, लांबी आणि स्पीकरचे ओहम, एवढ्यावर तो तक्ता पूर्ण होतो. जमिनीपासूनची उंची त्यात येतच नाही.

थरथर, स्थिर वीज आणि शेजारच्या वायरींचा त्रास यांत थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. गिटारची केबल पायाखाली आली की खरखरते. रेकॉर्ड प्लेयरची नाजूक सिग्नल केबल मेन्सच्या (घरच्या विजेच्या) वायरीला चिकटून गेली की गुणगुण येते. उपाय म्हणजे दोन्हींत अंतर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. स्पीकरच्या वायरीचा याच्याशी संबंध नाही.

‘पण मला फरक ऐकू आला!’ येऊ शकतो. वायरी उचलताना तुम्ही त्या सोडवल्या, काळवंडलेली टोकं घासली गेली, ढिले स्क्रू आवळले गेले. ते टेकूंशिवायही करता येतं.

मला खरा राग आहे तो व्हिडिओतल्या शेवटच्या सल्ल्याचा: मेन्सची वायरही उचला आणि हलू नये म्हणून स्टेपलने ठोकळ्याला ठोका. हे अत्यंत धोकादायक आहे. स्टेपल आवरणात घुसली तर शॉक बसेल, नाहीतर आग लागेल. स्पीकरच्या वायरीत घुसली तर दोन्ही तारा जोडल्या जाऊन अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. कुणी हे केलं असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मग स्टेपल काढा. टोचलेली मेन्सची वायर टेप गुंडाळून वापरू नका, पूर्ण बदला.