कार्ड नॉर्मल आहे

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या पतसंस्थेचं नेट जायला लागलं. पूर्ण गेलं असतं तर सोपं होतं, कोणाला तरी फोन करून ओरडता आलं असतं. पण हे जायचं, आणि ओरडायला तोंड उघडावं तोवर परत यायचं. काउंटरवरच्या ताई पैसे देण्याआधी ‘सेव्ह’वर बोट ठेवून डोळे मिटायला लागल्या. रांगेतले म्हातारे त्यांच्याबरोबर हात जोडायचे.

मी या संस्थेचा कॉम्प्युटर विभाग आहे. विभागप्रमुख मी आणि कर्मचारीही मीच, त्यामुळं विभागात भांडणं नाहीत. मॅनेजर साहेब मला नावानं हाक मारत नाहीत, ‘अहो कॉम्प्युटर, इकडं या’ म्हणतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला, घड्याळाचा सेल संपला, चेअरमनसाहेबांच्या नातवाचा मोबाईल हँग झाला, सगळ्याला कॉम्प्युटर.

आमचा राउटर जिन्याखालच्या खोलीत, जुन्या खतावण्यांच्या गठ्ठ्यांशेजारी बसतो. राउटर म्हटल्यावर डोळ्यांपुढं दोन शिंगांचा पांढरा डबा आणू नका. आमचा राउटर म्हणजे एक जुना पीसी. त्याच्यावर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकटातली प्रणाली) आणि पोटात दोन नेटवर्क कार्डं. एका कार्डातून वायर निघते ती मुख्य शाखेकडं, दुसऱ्यातून निघते ती आमच्या काउंटरांकडं. दोन्हीकडच्या मंडळींचे निरोप इकडून तिकडं पोचवायचे, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं, एवढंच त्याचं काम. बारा वर्षं बिनबोभाट करतोय. नवा राउटर घ्यायचा विषय दर वर्षी संचालक मंडळापुढं जातो आणि ‘चालतंय न्हवं? मग चालू द्या’ असा एकमतानं ठराव होऊन परत येतो.

“साहेब, बाहेरच्या कार्डाचं काहीतरी बिनसलं असावं,” मी म्हणालो. इथं माझं चुकलं. कारण साहेबांनी नुकतीच सांगलीला जाऊन सगळ्या अंगाची तपासणी करून घेतली होती. त्यांना करपट ढेकर येतात. रक्त, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी, सगळं झालं. चौदा पानांचा रिपोर्ट आला, चौदाही पानं नॉर्मल. ढेकर चालूच. तरीपण तपासणी या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसला होता.

“मग टेस्ट करा की!” ते म्हणाले. “सगळ्या टेस्ट करा. आणि रिपोर्ट लेखी पाहिजे.”

लिनक्समध्ये इथटूल नावाची आज्ञा आहे. तिच्यानं कार्डाची नाडी बघता येते. पण आधी बाहेरचं कार्ड कुठलं ते कळायला हवं. पीसीच्या पाठीला दोन भोकं, दोन्हींवर मी लावलेल्या चिठ्ठ्या, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर खंडेनवमीचं हळदकुंकू. आमचे शिपाई मामा खंडेनवमीला कुठल्याच यंत्राला उपाशी ठेवत नाहीत. नोटा मोजायचं मशीन, इन्व्हर्टर, जिन्याखालचा पीसी, सगळ्यांना गंध, फूल, झेंडूची माळ आणि पुढं एकेक पेढा. पेढे संध्याकाळपर्यंत यंत्रांनी खाल्लेले असतात. माळा मात्र दिवाळीपर्यंत काढायच्या नाहीत, असा मामांचा नियम.

तर, इथटूलमध्ये एक सोय आहे. कार्डाला सांगितलं की ते आपला दिवा उघडझाप करून ‘मी इथं आहे’ असं दाखवतं. मी आज्ञा दिली आणि मामांना मागं बघायला पाठवलं.

“डोळा मारतंय ओ सर!” मामा आतून ओरडले. “पिवळ्या डोळ्यानं मारतंय!”

बाहेरचं कार्ड सापडलं.

आता तपासणीचे दोन प्रकार असतात. एक ऑनलाइन, म्हणजे कार्डाला काम करता करता वरवर विचारायचं, बरं आहे का? दुसरी ऑफलाइन. हिच्यात कार्डाला कामावरून उठवून, आडवं करून, आतून-बाहेरून तपासतात. तेवढा वेळ वाहतूक बंद. शहाणा माणूस ही तपासणी रात्री करतो. मी जेवणाच्या सुट्टीत केली, आणि त्यातही दुधाच्या बिलाच्या दिवशी. बाहेर व्हरांड्यात पाऊणशे शेतकरी तंबाखू मळत बसले होते.

साहेब रिपोर्ट बघायला स्वतः जिन्याखाली आले आणि डोकं आपटून घेऊन खुर्चीत बसले. मी ऑफलाइनचं बटण दाबलं. पाच तपासण्या, पाच-सहा सेकंदांत निकाल. पाचांपुढं पाच शून्यं.

साहेबांचा चेहरा पडला. “पाचही विषयांत शून्य?”

“साहेब, शून्य म्हणजे दोष शून्य. वर बघा, पास लिहिलंय.”

“शून्य मार्कांनी पास?” साहेबांचा मुलगा त्या वर्षी बारावीला होता. त्यांना हे शिक्षण खात्याचंच काहीतरी वाटलं असणार.

मग एकेक विषय समजावून सांगणं आलं. पहिली तपासणी रजिस्टरांची. कार्डाच्या पाटीवर काहीतरी लिहायचं आणि लगेच वाचून बघायचं, लिहिलं तेच उमटलं का. तिसरी इंटरप्टची. टपाल आलं की कार्डानं प्रोसेसरच्या खांद्यावर टकटक करायची असते, ती करतंय का. यात साहेबांना रस नव्हता. मामा मात्र चहा घेऊन आले आणि दुसरीवर थांबले. ही दुसरी तपासणी ईपरॉमची. कार्डाचा जन्माचा दाखला ज्या चिपमध्ये असतो, ती ही. आमच्यासारख्या इंटेलच्या कार्डात त्या दाखल्यातल्या पहिल्या ६४ शब्दांची, म्हणजे आकड्यांचीच, बेरीज करतात आणि ती एक ठरलेला आकडा यावी लागते. हे गणित दहाच्या नाही, सोळाच्या मोजणीतलं. त्यात नवानंतर ए, बी, सी अशी अक्षरं आकडे म्हणून येतात. आणि यायला हवी ती बेरीज आहे बी-ए-बी-ए.

“म्हणजे बाबा?” मामा म्हणाले.

“बाबा.”

“आणि आला का बाबा?”

“आला.”

मामांनी चहाचा ट्रे खाली ठेवून पीसीला हात जोडले. इंटेलच्या कुठल्या इंजिनिअरला हा आकडा सुचला असेल तो असो, पण जिन्याखालच्या खोलीत त्याला भक्त मिळाला. त्या दिवशी मग नेट गेलं की मामा ओरडायला लागले, “सर, बाबा गेला!”

इतक्यात वरून ताईंची हाक आली. “अहो सर, आता तर आजिबातच नाही येत!”

खरंच. कार्ड पाचही विषयांत पास होऊन उठून बसलं होतं, पण मुख्य शाखेकडं जायचा रस्ता विसरून आलं होतं. आमचं लिनक्सही पीसीच्याच वयाचं. त्या जुन्या काळात ऑफलाइन तपासणीसाठी कार्ड आडवं केलं की त्याच्यावर हातानं लिहून ठेवलेले रस्ते पुसून जायचे. पुढच्या आवृत्त्यांत ते सुधारलं, पण आमच्याकडं पुढच्या आवृत्त्या येत नाहीत, ठराव येतात. साहेबांच्या सांगलीच्या डॉक्टरांनी निदान साहेबांना घरचा पत्ता तरी आठवत ठेवला होता.

रस्ता हातानं परत लिहायला दोन मिनिटं लागली असती, जर त्यातला एक आकडा मला आठवला असता. तो ज्या वहीत लिहिला होता ती वही साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या पँटच्या खिशात आणि साहेब जिन्याखाली अडकलेले. सगळं जुळून यायला बावीस मिनिटं गेली. व्हरांड्यातून एक आवाज आला, “काय ओ, म्हशीनं दूध दिलं, डेरीनं बिल दिलं, आता तुम्ही कुणाची वाट बघताय?”

संध्याकाळी शटर पडल्यावर मी एकट्यानं बसून विचार केला. पाच तपासण्यांतली चौथी असते लूपबॅकची. कार्ड स्वतःच्या एका तोंडानं बोलतं आणि स्वतःच्याच कानानं ऐकतं, आणि ऐकू आलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतं. पण हे सगळं आतल्या आत. वायर जिथं खुपसतात त्या भोकापर्यंत ही तपासणी येतच नाही. यापेक्षा अवघड आहेत ते १२७.०.०.१ ला पिंग करून, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून, ‘नेटवर्क ठीक आहे’ म्हणणारे लोक. तो पत्ता म्हणजे आपण स्वतः. त्या पिंगचा निरोप कार्डापर्यंतसुद्धा जात नाही, घरातल्या घरातच फिरतो. इंटरनेटच्या पत्त्यांपैकी १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते असे स्वतःशी बोलायला राखून ठेवलेत. संचालक मंडळाला हे कळलं तर ते आणखी मागून घेतील.

भोकापर्यंत तपासायचं तर लूपबॅक प्लग लागतो. तो मी तिथंच बनवला. वायरीचा वीतभर तुकडा, एक नवा प्लग, एक नंबरची तार तीनला, दोन नंबरची सहाला, आणि क्रिम्पिंगचा चिमटा. नेटच्या वायरीत आठ तारा असतात. आमच्या १०० मेगाबिटच्या जोडणीत त्यातल्या चारच काम करतात. बाकीच्या चार फक्त हजेरी लावतात. मी यापुढं काही म्हणत नाही, संचालकांच्या भत्त्याचा विषय निघेल.

मुख्य शाखेची वायर काढली, वेग १०० वर बांधला आणि प्लग खुपसला. खट्! दिवा लागला. कार्ड स्वतःलाच बघून खूश झालं, आरशावर चोच मारणाऱ्या चिमणीसारखं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, शाखा बंद. मी सकाळी दहाला येऊन पुन्हा बघत बसलो. मामाही आले, का आले ते त्यांनाच माहीत. आल्या आल्या त्यांनी सवयीनं मान फिरवणारा टेबलफॅन लावला. ऑक्टोबरची हीट, मशीन तापतं म्हणून तो सकाळी दहाला लागतो आणि सहाला बंद होतो. दोन तास दिवा हलला नाही. मग प्लग काढून मुख्य शाखेची वायर परत लावली. साडेतीन मिनिटांत लिंक गेली. आली. पुन्हा गेली.

लिनक्स या सगळ्याची वही ठेवतं, लिंक डाउन, लिंक अप, वेळेसकट. ती वही मी कधी नीट वाचली नव्हती. आता वाचली. आठवडाभरात शेकडो वेळा लिंक पडली होती, पण सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर एकदाही नाही. साहेबांना हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, “बरोबर आहे, ऑफिस टायमात लोड असतो.” पण आज शाखा बंद होती. आज लोड म्हणजे मी आणि मामा.

मी त्या ‘खट्’वर अडकलो होतो. माझा प्लग बसताना खट् वाजलं होतं. मुख्य शाखेच्या वायरीचं खट् वाजलंच नाही. वाकून बघितलं. तिच्या प्लगचा खटका मोडलेला. आणि मग आठवलं की तो तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातानं मोडला होता. नवा प्लग आणायला बाजारात कोण जाणार म्हणून मी विड्रॉल स्लिपची घडी घालून फटीत पाचर मारली होती. पाचर आता नव्हती.

“मामा, इथं कागदाचा बोळा होता का?”

“व्हता की. खंडेनवमीला झाडलोट करताना काढला. घाण कशाला ठेवायची देवापाशी?”

आणि देवाची माळ मामांनी कॅबिनेटच्या कोपऱ्यापासून वायरीपर्यंत नेऊन, वायरीलाच दोन वेढे देऊन बांधली होती. झेंडूची, चांगली गुडघाभर लांब. टेबलफॅन मान फिरवत तिकडं वळला, माळ झुलली, वायर खाली ओढली गेली, दिवा गेला. पंखा वळून गेला, दिवा आला. प्रत्येक फेरीला नाही, नाहीतर मी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. चारपाच फेऱ्यांनी एकदा. मी आणि मामा खतावण्यांवर बसून पंखा बघत राहिलो, मॅच बघावी तसे. मामा म्हणाले, “आता जाणार बघा.” गेला.

मी नवी विड्रॉल स्लिप घेतली, चौपदरी घडी घातली, पाचर मारली. माळ मामांनी स्वतःच्या हातानं सोडवून खिडकीच्या गजाला बांधली, दिवाळीपर्यंतचा नियम मोडू न देता. नेट आजतागायत गेलेलं नाही.

सोमवारी साहेबांना तोंडी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, एक ढेकर दिला आणि म्हणाले, “ते ठीक आहे, पण रिपोर्ट?”

रिपोर्ट द्यावाच लागला. पाच तपासण्या, पाच शून्यं, खाली माझी सही आणि संस्थेचा शिक्का. ‘झेंडूची माळ’ असं लिहायला साहेबांनी मनाई केली, सभासदांच्या भावना असतात. ‘विड्रॉल स्लिप’ही नको, लेखापरीक्षक विचारेल नंबर काय. मग कारणाच्या रकान्यात ‘बाहेरील कार्डाशी संबंधित’ एवढंच राहिलं. ते मंडळापुढं गेलं. पाच शून्यं बघून एका संचालकांनी विचारलं, एवढं नापास कार्ड आजवर ठेवलं कसं? बारा वर्षांत पहिल्यांदा खरेदीचा ठराव मंजूर झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते मी आता मिनिटबुकात दाखवू शकतो, पान नंबरासकट.

नवं कार्ड आलं. डबा फोडलेला नाही, साहेबांच्या कपाटात आहे. यंदा खंडेनवमीला मामांनी कपाट उघडायला लावलं, डब्यालाही गंध लावलं, पुढं पेढा ठेवला. माळ कुठं बांधायची म्हणून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “या डब्यालाच बांधा मामा. वायरीपासून सगळ्यात लांब आहे तो.”