खुलासा : बदकशिट्टीचा आवाज महागड्या लाकडातून येत नाही

अमेरिकेत शिकारीच्या वेळी बदकासारखा आवाज काढून रानबदकांना जवळ बोलावण्यासाठी लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) कातल्या जाणाऱ्या लाकडी शिट्ट्यांविषयी हौशी कारागिरांमध्ये असा दावा फिरत आहे, की कोकोबोलोसारखे जड, महागडे लाकूड वापरले म्हणजे शिट्टीला आपोआप हुबेहूब बदकाचा आवाज येतो. हा दावा चुकीचा आहे.

शिट्टीत बाहेरची पोकळ नळी आणि तिच्यात घट्ट बसणारे बूच असे दोन भाग असतात. आवाज निर्माण होतो तो बुचात. तेथे कोरलेल्या, टोकाकडे उतरत जाणाऱ्या पन्हळीवर मायलारची (एका प्रकारच्या चिवट प्लॅस्टिकची) पातळ पत्ती, बहुधा ०.०१० किंवा ०.०१४ इंच जाडीची, कॉर्कच्या पाचरीने दाबून बसवलेली असते आणि फुंकर पडताच ती थरथरते. त्या उताराची वक्रता, पत्तीची लांबी आणि तिच्या टोकाचा काप यांवर स्वर ठरतो. त्याचप्रमाणे पेटीचा (हार्मोनियमचा) सूरही खोक्याच्या लाकडावर ठरत नाही. उतारावर कानशीचा एक हात जास्त फिरला, तरी बूच वाया जाऊ शकते.

लाकडाचा काहीच संबंध नाही, असे मात्र नव्हे. दाट, तेलकट लाकूड श्वासाच्या ओलाव्याने कमी फुगते, त्यामुळे बूच अडकत नाही. परंतु कोकोबोलोच्या भुशाने त्वचेला व श्वसनमार्गाला ॲलर्जी होऊ शकते, हे दावा पसरवणारे सांगत नाहीत आणि ते मला अधिक खटकते. शिवाय या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानबदकांच्या शिकारीस बंदी असल्याने येथे ही शिट्टी केवळ कातकामाची हौस म्हणूनच करता येईल.