साहेबाच्या विमानाला दहा पौंड

सकाळी शाळेच्या ग्रुपवर मी एक जुना फोटो टाकला. इंग्लंडमध्ये डॉनकास्टरच्या विमानतळावर उभं असलेलं व्हल्कन विमान, आणि त्याच्या पंखाखाली शिड्या लावून ते धुणारी पेन्शनर मंडळी. खाली लिहिलं, "यांना अधूनमधून दहा पौंड पाठवते, आजही पाठवले." पाच मिनिटांत एकाचं उत्तर: "साहेबाच्या भंगाराला वर्गणी? गणपतीला मागितली तर देशील का?" त्याच्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग.

गणपतीला देते बाबा. दरवर्षी देते, पावतीही मागत नाही. पण त्या "भंगार" शब्दाने दिवसभर डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहिते. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि डिसेंबरमधल्या गेट-टुगेदरला त्याच लोकांबरोबर मिसळ खायची आहे.

तर हे भंगार म्हणजे एक्सएच ५५८. ब्रिटिश वायुदलात १९६० साली आलेलं अ‍ॅव्हरो व्हल्कन. अणुबॉम्ब टाकायला बनवलेलं त्रिकोणी पंखांचं धूड. नशिबाने तो कधी टाकावा लागला नाही. अशी १३६ बनली. बाकीची मोडीत गेली, संग्रहालयात गेली. हे एक शेवटपर्यंत एअर शोमध्ये उडत राहिलं. मग सरकारने हिशेब केला, परवडत नाही म्हणाले, आणि १९९३ च्या मार्चमध्ये ते विकून टाकलं. लेस्टरशरमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या एका कुटुंबाने विकत घेतलं आणि आपल्या धावपट्टीवर जपून ठेवलं.

कोणालाही वाटेल, झालं, संपलं. पण काही वेड्यांनी ठरवलं की हे पुन्हा उडवायचं. रॉबर्ट प्लेमिंग नावाचा एक डॉक्टरेट केलेला माणूस त्यांचा म्होरक्या. व्हल्कन टू द स्काय नावाचा ट्रस्ट. लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीने २७ लाख पौंड दिले. ते पुरणार नव्हतेच. २००६ च्या उन्हाळ्यात तिजोरीत खडखडाट, कामगारांना नोटिसा देण्याची वेळ आली, तेव्हा सर जॅक हेवर्ड यांनी पाच लाख पौंड दिले. हाच तो माणूस, ज्याने १९७० मध्ये फॉकलंडच्या चिखलात सडणारं एसएस ग्रेट ब्रिटन हे जहाज ब्रिस्टलला परत आणायला पैसे मोजले होते. आणि १८ ऑक्टोबर २००७ ला, चौदा वर्षांनी, हे भंगार उडालं.

हेवर्ड श्रीमंत होते, त्यांचं सोडा. माझा जीव अडकतो तो बाकीच्यांत. वर्षाला साधारण २० लाख पौंड लागायचे ते उडवायला, आणि ते यायचे पाच-दहा पौंडांच्या नोटांतून, टोप्या-मग विकून, चेकच्या पाकिटांतून. सरकारी खजिना नाही, राणीची थैली नाही. आपल्याकडे मंडळाचा मांडव जसा उभा राहतो तस्सं.

आता बाबांची गोष्ट. माझ्या मित्रयादीतल्या अर्ध्यांना पाठ असेल, तरी सांगणार.

बाबा नौदलात होते. सी हॉक या लढाऊ विमानांवर मेकॅनिक. १९७१ साली विक्रांत या विमानवाहू जहाजावर. चितगाव आणि कॉक्स बझारवर ज्या सी हॉकनी हल्ले केले, त्यांची देखभाल करणाऱ्यांत हा चिपळूणचा तेवीस वर्षांचा मुलगा होता. घरी याबद्दल चकार शब्द नाही. विचारलं की म्हणायचे, "तेल पुसायचो."

२०१४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे शेफिल्डला आले होते. त्यांना कुठे नेऊ समजेना. यॉर्कचं चर्च बघून बाबा दहा मिनिटांत बाकावर जाऊन बसले. म्हणून डॉनकास्टरला नेलं, त्या हँगरमध्ये. दोरीच्या मागे उभं राहून बघायचं, एक स्वयंसेवक माहिती सांगतो. आमचा स्वयंसेवक सत्तरीचा असेल. दात थोडे कमी, बोलणं इतकं यॉर्कशरी की मला अर्धं कळेना. विमानाच्या पोटाखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये थेंब थेंब काहीतरी पडत होतं. बाबांनी तासाभरात पहिल्यांदा तोंड उघडलं: "हायड्रॉलिक?"

म्हाताऱ्याने मान वळवली. "धंद्यातला दिसतोस," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

"सी हॉक. इंडियन नेव्ही. विक्रांत."

त्याने दोरी उचलली. बास. ना परवानगी, ना फॉर्म. बाबांच्या हातात टॉर्च दिला आणि दोघे विमानाखाली गेले ते पाऊण तास बाहेर आलेच नाहीत. आई आणि मी कॅफेत बसून कोरडे केक खाल्ले.

हे मी आज का सांगतेय? कारण "साहेबाचं भंगार" म्हणणाऱ्याला वाटतं की ही मंडळी साम्राज्याच्या आठवणीत उसासे टाकत बसलेली असतात. असतीलही काही. एअर शोमध्ये झेंडे घेऊन आलेले, कपाळावर आठ्या पाडून आपल्याकडे बघणारे मलाही भेटलेत. पण तो म्हातारा तसा नव्हता. त्याने बाबांना दाखवलं ते लॉकिंग वायर. बोल्ट सुटू नये म्हणून तार पिळून बांधतात ना, ती. बाबांनी अंगठा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चांगली बांधली आहे." मला कधी गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही इतकं कौतुक झालं नव्हतं.

आणि साहेबाच्या विमानाला पैसे देणारी मी काही पहिली मराठी नाही, हेही त्या शहाण्याला सांगा कोणीतरी. दुसऱ्या महायुद्धात पाच हजार पौंडांना एक स्पिटफायर लढाऊ विमान असा भाव लावून हिंदुस्थानातून वर्गण्या गोळा झाल्या. ब्रिटिश वायुदलात १२४ बडोदा स्क्वॉड्रन होतं, आपल्या गायकवाडांच्या देणगीवरून नाव पडलेलं. १२२ बॉम्बे होतं, १३२ सिटी ऑफ बॉम्बे होतं. त्यातले किती पैसे राजीखुशीने दिलेले आणि किती मामलेदाराच्या डोळ्यांकडे बघून, ते मला विचारू नका. माझे दहा पौंड निदान माझ्या मर्जीचे आहेत.

इथे अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. लिंकनशरमध्ये ईस्ट कर्कबी म्हणून गाव आहे. तिथल्या पँटन बंधूंचा मोठा भाऊ ख्रिस्तोफर मार्च १९४४ मध्ये न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेला. शेती आणि कोंबड्या सांभाळणाऱ्या त्या दोन भावांनी पुढे १९८३ साली एक अख्खं लँकास्टर बॉम्बर विमान विकत घेतलं, आपल्या भागातल्या जुन्या धावपट्टीवर आणून ठेवलं, भावाची आठवण म्हणून. आज त्याची चारही मर्लिन इंजिनं सुरू करून ते जमिनीवर फिरवतात, आणि पुन्हा उडवायच्या तयारीत आहेत. आपण भावाचा हार घातलेला फोटो भिंतीवर लावतो. यांनी बॉम्बर आणला. वेडेपणा आहेच, मी नाही कुठे म्हणते.

लोकांना मारायची यंत्रं आहेत ही, हे बरोबर आहे. आणि २०१५ मध्ये शोरहॅमला एअर शोमध्ये जुनं हंटर विमान रस्त्यावर कोसळलं, अकरा माणसं गेली, त्यांतली बरीच शो बघायलासुद्धा आलेली नव्हती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुढे जाते.

पण "भंगार" म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? आता खरंच राग येतोय.

त्या दिवशी विमानाखालून बाहेर येताना म्हाताऱ्याने बाबांना सहज विचारलं, तुझं जहाज आता कुठे असतं? २०१४ चा उन्हाळा होता. विक्रांत तेव्हा मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्याला पोचली होती. तोडायला. सुमारे ६० कोटींना विकलेली. बाबांनी सांगितलं. म्हातारा ताठ उभा राहिला आणि त्याने एक सणसणीत शिवी हासडली, जी मला त्याच्या एवढ्या बोलण्यात पहिल्यांदा स्पष्ट कळली. आईने "काय म्हणाला?" विचारलं. मी म्हटलं, वाईट वाटलं म्हणाला.

बेलफास्टला १९६१ साली आपल्या ताफ्यात आलेली, एकाहत्तरची लढाई लढलेली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली. तुमच्यापैकी निम्मे जण शाळेच्या सहलीत तिच्यावर जाऊन आलात, डेकवर डबे खाल्लेत. २०१२ मध्ये बंद केली. नौदल म्हणालं पत्रा सडलाय, राज्य सरकारने हात वर केले, न्यायालयांनी याचिका फेटाळल्या. पत्रा सडला होता, मान्य. जहाज म्हणजे विमान नव्हे, खर्च कैकपट, तेही मान्य. पण तुमच्याकडे वर्गणी मागायला दारात कोणी आलं होतं? माझ्याकडे नाही आलं. याचिका करणारे होते, आवाज उठवणारे होते. बादली-फडकं घेऊन दर रविवारी जाणारे दोनशे जण आणि महिन्याला शंभर रुपये देणारे लाखभर जण, हे उभं राहिलंच नाही. पुढे तिचं पोलाद वितळवून मोटारसायकलमध्ये घातलं, तर आपण रांगा लावून बुकिंग केलं. त्या खरेदीचा फोटो टाकणाऱ्याला मात्र कोणी "भंगार" म्हणालं नाही हो.

बरं, थोडी शांत होते. चहा झाला.

आपल्याकडे हे वेड नाही असं मी म्हणणार नाही. रविवारी पहाटेची एसटी पकडून गडावर जाणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी, दरीत पडलेली तोफ दोरखंड लावून वर ओढणारी पोरं मी पाहिलीत. त्यांना कोण पैसे देतं? कोणी नाही. ती पोरं आणि डॉनकास्टरचे म्हातारे एका जातीचे. आणि राजीव चंद्रशेखर यांनी वडिलांच्या वायुदलातल्या नोकरीखातर एक डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं, 'परशुराम' नाव मिळालेलं ते विमान २०१८ मध्ये भारतात आलं. तेव्हा होतं, नाही असं नाही. फक्त दगडाला आपण वारसा म्हणतो आणि यंत्राला मोड. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

साहेब काही देव नाही, हेही सांगून टाकते. मे २०१२ मध्ये याच व्हल्कनच्या हवा आत घेणाऱ्या मार्गात सिलिका जेलच्या पिशव्या राहून गेल्या. आपल्या बुटांच्या खोक्यात असतात ना, त्यांच्या मोठ्या बहिणी. विमान धावपट्टीवर सुटलं, पिशव्या इंजिनात ओढल्या गेल्या, दोन ऑलिम्पस इंजिनं खलास. कारखान्यात नवीन मिळणारी वस्तू नव्हे ही. म्हाताऱ्याने हे बाबांना स्वतःहून सांगितलं, मान खाली घालून. बाबा म्हणाले, आम्ही डेकवर काम संपलं की पाना-पाना मोजायचो, एक कमी भरला तर विमान हलत नसे. म्हातारा म्हणाला, आम्हीही मोजायचो.

मला यात आवडतं ते पुढचं. ट्रस्टने हे जाहीर सांगितलं. आमच्याकडून पिशव्या राहिल्या, इंजिनं गेली, पैसे हवेत. आणि लोकांनी दिले! आपल्या सोसायटीत लिफ्टच्या फंडाचा हिशेब विचारला तर सेक्रेटरी तीन महिने बोलत नाही.

शेवटी ते थांबलं ते पैशाअभावी नाही. अशा विमानाला उडायचं तर ज्यांनी ते बनवलं त्या कंपन्यांची तांत्रिक जबाबदारी मागे असावी लागते. जाणकार माणसं निवृत्त होत गेली, कंपन्यांनी हात काढून घेतला, आणि २८ ऑक्टोबर २०१५ ला ते शेवटचं उडालं. त्या उन्हाळ्यात मी ते आकाशात पाहिलं. चढताना एक भोंग्यासारखा आक्रोश येतो त्याच्यातून, रस्त्यावरच्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागतात. शेजारी उभा असलेला एक टॅटूवाला धिप्पाड माणूस हुंदके देऊन रडत होता आणि त्याची छोटी मुलगी त्याला टिश्यू देत होती. मी कोरडी होते. मला बाबांना फोन लावायचा होता आणि रेंज नव्हती.

आता ते उघड्यावर उभं आहे. २०२२ मध्ये तो विमानतळच बंद पडला. प्लेमिंग २०२१ मध्ये गेले. साउथएंड आणि वेल्सबर्नला अजून दोन व्हल्कन आहेत, तिथली मंडळी त्यांची इंजिनं जिवंत ठेवून आहेत, तीही अशीच वर्गणीवर. "न उडणाऱ्या विमानाला पैसे कशाला?" असं माझा नवराही विचारतो. मी म्हणते, तू जिमची फी भरतोस ना.

बाबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या वेळी आम्ही गोव्याला गेलो तेव्हा दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो होतो. तिथे अंगणात सी हॉक आहे. समुद्राचा खारा वारा, पाऊस, ऊन, सगळं अंगावर. बाबांनी चाकाच्या वरच्या पोकळीत डोकं घालून पाहिलं, आणि पहारेकरी शिट्टी मारत आला. त्याचं काही चुकलं नाही, त्याची ड्यूटी. मला फक्त डॉनकास्टरची ती उचललेली दोरी आठवली आणि घशात काहीतरी अडकलं.

म्हणून खरं काम सांगते. वास्को, दाबोळी, बोगमाळो भागातलं कोणी असेल, किंवा नौदलात कोणाची ओळख असेल, तर मला इनबॉक्स करा. महिन्यातून एक दिवस निवृत्त लोकांना त्या विमानांची साफसफाई करू देतात का, कोणाकडे अर्ज करायचा, एवढंच विचारायचं आहे. बाबांबरोबर नोकरीला असलेले आणखी काही काका पणजी-मडगावकडे आहेत, गुडघे दुखतात पण हात स्थिर आहेत. रंगाचे आणि तेलाचे पैसे मी देते.