स्कॅन लावला की मान टाकतो

कॉम्प्युटर बाकी सगळं निमूट करतो. लाइट बिल भरतो, एक्सेल उघडतो, रात्री मालिका दाखवतो. अँटिव्हायरसचा फुल स्कॅन, म्हणजे अख्ख्या मशीनची तपासणी, लावला की मात्र साठ-सत्तर टक्क्यांवर मान टाकतो. मग फोन येतो आणि पलीकडच्या मावशीचं निदान तयार असतं, "अरे, व्हायरसला कळलं ना आपण पकडले जाणार, म्हणून त्यानेच बंद पाडला!" काकांचं म्हणणं त्याहून पुढचं, "तो अँटिव्हायरसच काढून टाक. तो आल्यापासूनच सुरू झालंय हे."

माझं मत विचाराल, तर बहुतेक वेळा व्हायरस आणि अँटिव्हायरस दोघेही निर्दोष असतात. फुल स्कॅन एकच गोष्ट करतो: मशीनला तासन्‌तास खरोखर राबवतो. लाखो फाइल्स एकेक करून उघडायच्या, झिपा सोडवायच्या, सगळं रॅममधून फिरवायचं. डिस्कच्या ज्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही, तिथे 2014 च्या गणपतीचे फोटो असतात आणि नेमका त्यांच्याच खाली खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचा नीट न वाचता येणारा तुकडा, असतो. दुखणं आधीचंच. स्कॅनने फक्त तिथे बोट ठेवलं.

तेव्हा आधी मरण कसं आलं ते पाहायचं. विंडोज कोसळताना दाखवतं तो निळा स्क्रीन एका क्षणात चमकून मशीन पुन्हा सुरू होत असेल, तर वाचणार काय? विंडोजची कळ आणि आर दाबा, 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' (sysdm.cpl) टाका, 'अॅडव्हान्स्ड'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची टिक काढा. आता निळा स्क्रीन शांतपणे उभा राहील. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. तिथे 'कर्नल-पॉवर 41' अशी लाल नोंद सापडते आणि लोकांना चोर सापडल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. 'मयत इसम मृतावस्थेत आढळला', इतकाच पंचनामा. खरा मजकूर 'डिटेल्स'मध्ये असतो. तिथे बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या कारणाचा आकडा, शून्य असेल, तर निळा स्क्रीन नोंदलाच गेला नाही. बहुधा वीजच गेली किंवा मशीन जागीच गोठलं. आकडा असेल तर तो दशमानात असतो, आणि इंटरनेटवरचे सगळे कोड षोडशमानात (सोळाच्या पटीतली, हेक्स पद्धत). कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाका: 292 चे होतात 124, म्हणजे हार्डवेअरची चूक. 122 चे 7ए, म्हणजे डिस्कवरून किंवा रॅममधून डेटा नीट आला नाही. 26 चे 1ए, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट.

कोड शून्य आणि प्लग उपटल्यासारखं टपकन बंद, असं असेल तर संशय उष्णतेवर किंवा पॉवर सप्लायवर. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सेन्सर्स उघडा, लॉग चालू करा, मग स्कॅन लावा. कामाच्या भरात ऐंशी अंशांपर्यंत घाबरायचं कारण नाही. पंचाण्णव ते शंभरला बरेचसे प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही निभलं नाही, तर जीव वाचवायला बंद होतात. लॅपटॉप गादीवर ठेवून स्कॅन लावणाऱ्यांनी हवा कुठून आत जाते ते एकदा उलटा करून पाहावं.

साफसफाई मशीन बंद करून आणि वायर काढून. पंख्याच्या पात्याला बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा; मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. खरा मळ पंख्यावर नसतो, पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पट्ट्या यांच्या मधोमध असतो. तिथून धुळीची राखाडी गादी अख्खी निघते. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सुकली असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. वरणावर तुपाची धार धरल्यासारखी नको. तापमान ठीक आणि तरी टपकन बंद? मग खात्रीचा दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहा. जुना उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

दुसरी तऱ्हा जास्त छळते. माउस हलतोय, डिस्कचा दिवा पेटलेला, स्कॅन एकाच फाइलवर अडून. दरवेळी तीच फाइल असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क 7' शोधा. ती नोंद म्हणजे बॅड ब्लॉक, तोच खराब तुकडा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कचे 05, सी5 आणि सी6 हे आकडे शून्यावर हवेत. सी7 एकटाच वाढत असेल तर हसा: बहुधा साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, सैल किंवा खराब आहे. बाकीचे वाढले असतील, तर आधी बॅकअप आणि मगच चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड). उलट क्रमाने जाऊ नका. '/r' लावलेलं चेकडिस्क अख्खी डिस्क वाचून काढतं, आणि शेवटचे श्वास मोजणारी डिस्क त्यातच जाऊ शकते.

निळा स्क्रीन दरवेळी वेगवेगळा असेल, तर माझं पहिलं बोट रॅमकडे. मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एक चूकसुद्धा चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा, मग रॅमची एकेक पट्टी लावून पाहा.

आता काकांच्या संशयाला थोडा न्याय. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइलच व्हायरस ठरवली होती. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशीन आडवी केली. पण दोन्हीकडे गुन्हेगार अपडेट होतं. घरगुती गुन्हा वेगळा असतो: जुना अँटिव्हायरस काढला, त्याचा ड्रायव्हर राहिला, वर नवा टाकला. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएलटीएमसी' (fltmc) टाइप करा; फाइलींवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हर्सची यादी येते. ज्यांचा अल्टिट्यूड (यादीतला क्रमदर्शक आकडा) 320000 ते 329999 मध्ये आहे, ती अँटिव्हायरस मंडळी. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, डिफेंडरचा, डब्ल्यूडीफिल्टर सोडून दोन वेगळ्या कंपन्या दिसल्या, तर जुन्याचं त्याच कंपनीने दिलेलं रिमूव्हल टूल चालवा.

तरीही उलगडा होत नसेल, तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन नेहमीच्या विंडोजबाहेर साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. एवढ्या वेळात उष्णतेचं दुखणं कदाचित उघडं पडणार नाही. पण तिथे सुरळीत आणि विंडोजमध्ये निळा, तर ड्रायव्हरकडे बघा. तिथेही कोसळला, तर फॉरमॅट करून काही होणार नाही. दुकानात मशीन टेकवण्याआधीच हे बोलून घ्या, कारण तिथे फॉरमॅट आधी होतो आणि निदान नंतर.