महिनाभर ठेवलं की दारू सुटते?

गटारी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो: "व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवा, दारू कायमची सुटते. परत प्यायला तर त्याच्यातच दम नाही, पैसे पाण्यात गेले समजा. नाहीतर जेवणातून गुपचूप औषध द्या."

आधी महिन्याचं बघू. दारू थांबवल्यावर होणारी हातांची थरथर, घाम, भास हा त्रास साधारण आठवडाभरात ओसरतो. झोप आणि चिडचिड ताळ्यावर यायला मात्र कित्येक महिने जातात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. तेही माणसाला घरी सोडून मोकळं होत नाही, फॉलो-अपला बोलावतं, पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालवतं. कारण सगळ्यात निसरडे असतात ते घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने.

"दम नाही" हे तर मला अजिबात पटत नाही. माणूस भाजी आणायला जातो, वीस मिनिटं उशीर होतो, आणि दारातच "तोंड उघडा बघू" ऐकतो. तो खरंच कोथिंबीर शोधत फिरत असतो. बायकोचंही चुकत नाही, तिने दहा वर्षं थापाच ऐकल्यात. पण त्या रात्री त्याची तलफ कोथिंबिरीच्या जुडीतून उठते. मग पगाराचा दिवस, चुलतभावाची हळद, "आज एकच घे रे, कुणाला कळतंय" म्हणणारे मित्र. ॲलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पुन्हा पिण्याचे प्रसंग तपासले, तेव्हा बहुतेकांच्या मुळाशी उदासी-संताप, भांडण नाहीतर आग्रह हेच निघालं. हाताला काम, दारू सोडणाऱ्यांची रोजची मीटिंग, डिप्रेशन असेल तर त्यावर उपचार, यांनी फरक पडतो. नुसतं दात-ओठ खाऊन किती दिवस निभणार?

पैसे पाण्यात? २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के दिलं होतं, दमा आणि रक्तदाबाच्या जवळपासचंच. बीपी वाढलं म्हणून आपण कुणाला "तुझ्यावरचा खर्च वाया गेला" म्हणत नाही, गोळी बदलतो. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायली गेली, तर त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करावा.

आणि ते गुपचूप औषध. बहुधा डायसल्फिराम. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचं असतं ते. आमटीत कालवायचं नसतं.